चौकाचं घर उन्हाळ्यात थंड कसं ठेवायचं: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी आणि जुन्या घरात राहायला येणाऱ्यांसाठी

घराच्या मधोमध चौक ठेवला की घर आपोआप थंड राहतं, असं धरून अनेक जण आराखडा काढायला बसतात. मग पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी चौकातल्या फरशीवर पाय ठेववत नाही, खोल्यांत झळा येतात आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत चौकावर पारदर्शक पत्रा चढतो. यात दोष चौकाचा नसतो. चौकात थंडावा तयार होतो रात्री, आणि दिवसा तो पुरवून पुरवून वापरायचा असतो. साठवायला जड भिंती लागतात, पुरवायला सावली लागते आणि दारं-खिडक्या वेळच्या वेळी उघडायला-लावायला माणूस लागतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी चौकाचा उपयोग निम्म्यावर येतो.

निर्णय ज्या क्रमानं घ्यावे लागतात त्याच क्रमानं पुढे लिहिलं आहे. घर आधीच बांधलेलं असेल तर मापांचा भाग नुसता चाळा आणि भिंतींपासून नीट वाचा.

पहिली पायरी: आपल्याकडची हवा मोजा

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारी दोन छोटी मापकं घ्या. एक बाहेर, दिवसभर सावलीत राहील अशा जागी टांगा, दुसरं खोलीत. उन्हाळ्यातला एक आठवडा पहाटे सूर्य उगवायच्या आधीचा आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराचा आकडा लिहून ठेवा. बाहेरच्या मापकाच्या पहाटेच्या आणि दुपारच्या आकड्यांत १२ अंश सेल्सियस किंवा जास्त फरक पडत असेल आणि पहाटेचा पारा २५-२६ च्या खाली जात असेल, तर पुढे सांगितलेलं जवळजवळ सगळं तुम्हाला लागू आहे. जैसलमेर, इराणातलं यझ्द, मोरोक्कोतलं माराकेश ही अशा गरम-कोरड्या हवेची गावं. फरक सहा-सात अंशांचाच असेल आणि रात्रीही अंग चिकचिकत असेल, तर तुमची हवा दमट आहे. तिथे चौकाचं काम वेगळं असतं. ते शेवटून दुसऱ्या भागात आहे, आणि बांधकामाआधी वाचलं पाहिजे.

दुसरी पायरी: रात्री चौकात काय होतं ते डोळ्यांनी पाहा

दिवसभर तापलेली गच्ची, भिंती आणि फरशी रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ही उष्णता अडवायला वर फारसं काही नसतं. गच्चीचा पृष्ठभाग हळूहळू भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. त्याला टेकलेली हवा गार झाली की जड होते आणि चौकात उतरते. तिथून ती उंबऱ्यावरून खोल्यांत शिरते आणि खोलीतली गरम हवा वरच्या झरोक्यांतून किंवा दाराच्या वरच्या भागातून बाहेर पडते. इराणात वाळवंटाच्या काठावर हिवाळ्यात उघड्या आकाशाखाली उथळ पाण्याचा बर्फ करून तो यखचाल नावाच्या बर्फघरांत साठवत, ते याच तत्त्वावर.

हे पाहायला एक उदबत्ती पुरते. रात्री उशिरा, वारा पडलेला असताना, पंखे बंद करा आणि चौकाकडच्या दारात उभे राहा. उदबत्ती आधी उंबऱ्याजवळ धरा, धूर आत वाकेल. मग तीच हळूहळू वर न्या. साधारण छातीच्या उंचीवर धूर घुटमळेल, आणि चौकटीच्या वरच्या पट्टीजवळ नेल्यावर बाहेर चौकाकडे वाकेल. एकाच दारातून खालून गार हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर, असं हे चालू असतं. धूर असा वाकत नसेल तर कुठे तरी अडथळा आहे. बहुतेक वेळा वरचे झरोके कोणी तरी बुजवलेले असतात.

आत आलेली गार हवा स्वतः फार काही साठवत नाही. ती भिंतींना गार करते, आणि खरा साठा भिंतीत होतो. एक घनमीटर विटकामाचं तापमान एका अंशानं बदलायला जेवढी उष्णता लागते, ती तेवढ्याच हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या हजारपटीहून जास्त असते. म्हणून दार उघडताच गार हवा निघून गेली तरी घर लगेच तापत नाही, आणि म्हणूनच पातळ पत्र्याच्या किंवा पोकळ फळ्यांच्या भिंतींभोवती चौक ठेवला तर हाती काही लागत नाही.

तिसरी पायरी: चौकाचं माप

इथे बरेच जण चुकतात, म्हणून जरा थांबून हिशोब करू.

कर्कवृत्ताच्या आसपास ऐन उन्हाळ्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. जैसलमेर सुमारे २७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून साधारण ८६ अंशांवर असतो. सहा मीटर उंच भिंतीची सावली तेव्हा अर्धा मीटरही पडत नाही. म्हणजे चौक कितीही खोल करा, भर मध्यान्ही त्याच्या तळाला ऊन लागणारच. खोलपणाचा फायदा मिळतो तो सकाळी आणि दुपार कलल्यावर.

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. भिंतीची उंची आणि चौकाची पूर्व-पश्चिम रुंदी सारखी असेल, तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आला की चौक पूर्ण सावलीत जातो. ढोबळमानानं मध्यान्हीच्या तीन तास आधीपर्यंत आणि तीन तासांनंतर. म्हणजे मधले सहा तास तळाचा कुठला ना कुठला भाग उन्हात. भिंत रुंदीच्या दुप्पट उंच केली तर हेच सहा तास साडेतीनवर येतात. एवढा फरक पडतो.

मग चौक विहिरीसारखा अरुंद करायचा का? तसंही नको. आकाश जेवढं कमी दिसेल तेवढा रात्रीचा थंडावा कमी, कारण समोरासमोरच्या भिंती आपली उष्णता एकमेकींवरच टाकत राहतात. गरम-कोरड्या हवेत एकमजली घराला भिंतीच्या उंचीएवढी ते दीडपट रुंदी आणि दुमजली घराला उंचीएवढी किंवा थोडी कमी रुंदी मला सगळ्यात समतोल वाटते. याहून मोठं मोकळं आवार हवं असेल तर ते जरूर ठेवा, पण त्याला चौक समजून त्याच्याकडून गारव्याची अपेक्षा करू नका.

मधल्या तळपत्या तासांसाठी कापड लागतं. स्पेनमधल्या सेव्हियात उन्हाळ्यात घरांच्या चौकांवर कापडी छत ओढतात. दोन्ही बाजूंना तारा, त्यावर कड्या आणि खालून ओढायची दोरी, एवढंच त्याचं तंत्र. सूर्य मावळला की ते पूर्ण गुंडाळायचंच. रात्री ताणलेलं कापड म्हणजे चौक आणि आकाश यांच्यामध्ये घातलेलं पांघरूण, आणि त्यानं सगळ्या रात्रीची कमाई बुडते. म्हणून छत विकत घेताना कापडाच्या दर्जापेक्षा आधी हे पाहा: घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला ते एकट्यानं ओढता आणि गुंडाळता येतं का?

चौथी पायरी: कुठली खोली कुठे

यझ्दच्या जुन्या घरांत एकाच कुटुंबाच्या उन्हाळी आणि हिवाळी खोल्या वेगळ्या असत. चौकाच्या दक्षिण बाजूच्या खोल्यांची तोंडं उत्तरेला, त्यामुळे त्या सावलीत, त्या उन्हाळ्यासाठी. उत्तर बाजूच्या खोल्यांना दक्षिणेचं कलतं ऊन मिळतं, त्या हिवाळ्यासाठी. बगदादच्या जुन्या घरांत लोक दिवसातूनही जागा बदलत. दुपार अर्धवट जमिनीखाली असलेल्या सरदाबात, संध्याकाळ चौकात, रात्र गच्चीवर. घर थंड ठेवण्याइतकंच घरातल्या थंड जागी जाऊन बसणं महत्त्वाचं, हे आराखडा करतानाच लक्षात घ्या. ‘ही झोपायची खोली, ही बसायची’ असं कायमचं ठरवून टाकलं की चौकाचा निम्मा फायदा हातचा जातो.

जागा लांबट असेल तर लांबी उत्तर-दक्षिण की पूर्व-पश्चिम? उत्तर-दक्षिण लांबीच्या चौकात पूर्व-पश्चिम अंतर कमी राहतं. उन्हाळ्यात सावली लवकर येते आणि हिवाळ्यात दक्षिणेचं ऊन आतवर पोचतं. मात्र मग जास्त खोल्या पूर्व-पश्चिमेकडे तोंड करतात, आणि पश्चिमेचं खाली आलेलं ऊन छज्जानं अडत नाही. तिथे खोल ओसरी किंवा जाळी लागते. ओसरीला जागा असेल तर मी उत्तर-दक्षिण लांबी निवडेन, नसेल तर पूर्व-पश्चिम.

दक्षिणेकडच्या गावांसाठी एक सूचना. १८-१९ अंश अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. म्हणजे उत्तरेकडे तोंड केलेल्या भिंतीवरही ऊन येतं. ते जवळजवळ उभं असल्यामुळे दोन फुटांचा छज्जा पुरतो, पण तो विसरू नका.

स्वयंपाकघर आणि उष्णता सोडणारी यंत्रं वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला. एसीचं बाहेरचं यंत्र चौकात कधीही बसवू नका.

पाचवी पायरी: भिंती आणि छप्पर

उन्हाची झळ बाहेरून आत पोचायला जो वेळ लागतो तो जुन्या घरांनी बरोबर हेरलेला असतो. साधारण ४० सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत यायला १० ते १२ तास लागतात. तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडलेल्या असतात. भेंड्याच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद यांचं गणित हेच होतं. १०-१२ सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून मात्र हीच उष्णता तीन-चार तासांत खाली येते, नेमकी संध्याकाळी, माणसं घरी परततात तेव्हा.

त्यामुळे पैसे मर्यादित असतील तर आधी छपरावर खर्च करा. दिवसभर डोक्यावर ऊन घेणारा तो सगळ्यात मोठा पृष्ठभाग. ताजा पांढरा चुना पडलेल्या उन्हाचा ७० ते ८० टक्के भाग परत पाठवतो. दर उन्हाळ्याच्या तोंडाला दोन हात मारले तर स्लॅबच्या खालच्या बाजूला हात लावून फरक कळतो. जास्त टिकाऊ हवं असेल तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करा. धूळ साचली की दोन्हींचा परिणाम उतरतो, तेव्हा अधूनमधून गच्ची झाडा.

भिंतींचा रंग वर पांढरा आणि खाली मंद ठेवा. चौकाची फरशी मात्र पांढरी, गुळगुळीत करू नका. मध्यान्हीचं ऊन तिच्यावरून उसळून थेट खोल्यांत शिरतं आणि डोळे दिपतात. खरखरीत, मळकट रंगाचा दगड किंवा वीट चांगली.

आतल्या बाजूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नूतनीकरणात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. रोजच्या तापण्या-निवण्यात भिंतीचा आतल्या बाजूचा १०-१५ सेंटिमीटरचा थर मुख्यतः भाग घेतो. त्यावर लाकडी फळ्या, जिप्समचं आवरण किंवा जाड वॉलपेपर लावला की भिंत खोलीपासून तुटते. गारवा भिंतीतच राहतो आणि तुम्ही गरम हवेत बसता. आपल्याला जाणवणारा उकाडा हवेच्या तापमानाएवढाच भोवतालच्या पृष्ठभागांच्या तापमानावर ठरतो. हवा ३४ अंश आणि भिंती २९ अंश असतील तर अंगाला साधारण साडे-एकतीस अंशांसारखं वाटतं. म्हणून भिंत मोकळी ठेवा. चुन्याचा किंवा मातीचा पातळ गिलावा चालतो. मोठी कपाटं एकाच भिंतीला लावा आणि उन्हाळ्यात गालिचे गुंडाळून ठेवा.

सहावी पायरी: ओसरी, खिडक्या आणि दुसरा चौक

चौक आणि खोली यांच्यामध्ये ओसरी हवीच. तिच्यामुळे खोलीच्या भिंतीवर थेट ऊन पडत नाही आणि दुपारीही चौकाकडचं दार किलकिलं ठेवता येतं. ओसरी दोन ते अडीच मीटर खोल असली की पुरे.

बाहेरच्या भिंतीत खिडक्या थोड्या आणि लहान, चौकाकडे जास्त आणि मोठ्या. मोहेंजोदडोच्या घरांतही खोल्या चौकाभोवती होत्या आणि रस्त्याकडची भिंत जवळपास बंद असे. प्रत्येक खोलीला खाली दार आणि वर छताजवळ झरोका द्या, दोन्ही रात्रभर निर्धास्त उघडे राहतील असे जाळी लावून. रात्री चोरीच्या धास्तीनं किंवा डासांमुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

जागा असेल तर दुसरा चौक करा, पण पहिल्याएवढा नको. इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फाथी (१९००-१९८९) यांनी कैरोच्या जुन्या घरांतल्या तख्तबुशचं महत्त्व पुन्हा दाखवून दिलं. एका बाजूला लहान, सावलीचा चौक, दुसऱ्या बाजूला मोठं, उन्हात तापणारं परसू आणि मध्ये दोन्हींकडे उघडणारी छपराखालची बसायची जागा. परसातली हवा तापून वर जाते, तिची जागा घ्यायला लहान चौकातली गार हवा मधल्या जागेतून वाहते. वारा पूर्ण पडलेला असतानाही तिथे झुळूक राहते. घरामागे उघडं आवार असेल तर मधल्या भिंतीला एक मोठं जाळीचं दार देऊन हा प्रयोग थोडक्यात करून पाहता येतो.

सातवी पायरी: पाणी आणि झाड

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता ओढली जाते. दहा लिटर म्हणजे दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेनं सव्वा तासात जेवढी उष्णता बाहेर टाकतो, साधारण तेवढी. पण वेळ साधली पाहिजे. भर दुपारी तापल्या फरशीवर पाणी मारलं तर ते काही मिनिटांत उडून जातं, ऊन फरशी पुन्हा तापवतं आणि घरात दमटपणा तेवढा उरतो. फरशीवरचं शेवटचं ऊन सरलं की शिंपडा. फरशी लगेच निवते आणि रात्रीचं काम दोन तास आधी सुरू होतं. कारंजं किंवा हौद केलात तर तो सावलीत ठेवा. साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी बदला, नाही तर डास होतात.

झाड एकच लावा, उंच खोडाचं, पानं वर असणारं. हिवाळ्यात पानझड होणारं असेल तर उत्तम. चौकाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त आकाश त्यानं झाकू नये. घनदाट झाड दिवसा सुखाचं वाटतं, रात्री मात्र तेही कापडासारखंच आड येतं. मुळं घराच्या पायाखाली जाणारी जात टाळा.

आठवी पायरी: रोजचा क्रम

घर बांधून झाल्यावर खरं काम सुरू होतं. पहाटे चार ते सूर्योदय हा सगळ्यात मोलाचा वेळ. सगळी दारं-खिडक्या-झरोके उघडे आणि पंखे चालू, म्हणजे गार हवा भिंतींवर घासत फिरेल. सूर्य वर आला आणि बाहेरचं मापक आतल्या मापकाच्या बरोबरीला आलं की बाहेरच्या भिंतीतल्या खिडक्या बंद. चौकाकडच्या खिडक्यांना तास-दीड तास आणखी मिळतो. ऊन चौकाच्या तळाला टेकायच्या आत कापड ओढा. दुपारी खोल्या जवळजवळ बंद ठेवा. ‘हवा खेळू द्या’ म्हणून कोणी खिडकी उघडली तर ४२ अंशांची हवा आत येते आणि रात्रभर साठवलेला गारवा घेऊन जाते. अंगावर वारा हवा असेल तर पंखा लावा. हवा ३५ अंशांच्या वर गेली तर मात्र पंख्याचा उपयोग केवळ घाम सुकवण्यापुरता राहतो, तेव्हा पाणी भरपूर प्या आणि घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत जा.

फरशीवरून ऊन गेलं की पाणी, सूर्य मावळला की कापड गुंडाळायचं, आणि बाहेरचा पारा आतल्यापेक्षा खाली आला की सगळं उघडायचं. ही वेळ घड्याळावर ठरवू नका, मापकं पाहून ठरवा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती रात्री आठला येते, ऐन उन्हाळ्यात दहा-अकराही वाजतात.

दमट हवा असेल तर

कोरड्या ४२ अंशांत, २० टक्के आर्द्रतेला, ओला कपडा सुमारे २४ अंशांपर्यंत गार होऊ शकतो. ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तोच कपडा ३० च्या खाली येत नाही. म्हणून दमट हवेत पाणी शिंपडून, कारंजी लावून फायदा नाही. रात्रही फारशी निवत नसल्यानं जाड भिंती दिवसाची उष्णता रात्री अंगावर सोडतात. अशा ठिकाणी वाहती हवा हाच उपाय. केरळच्या नालुकेट्टू घरांत मधला चौक, उतरती छपरं, खोल वळचणी आणि हवा आरपार जाऊ देणाऱ्या लाकडी जाळ्या असतात. चौक तिथे गरम हवा वर सोडायला आणि पावसाचं पाणी उतरवायला असतो. बाहेरच्या भिंतींतही समोरासमोर मोठ्या खिडक्या ठेवा आणि दिवसाही उघड्या ठेवा. पावसाळा आला की कोरड्या प्रदेशातल्या घरानंही हाच क्रम पाळायचा, तो संपेपर्यंत ‘दुपारी बंद, रात्री उघडं’ थांबवायचं.

चौक झाकलेला असेल तर

जुन्या घरात राहायला आलात आणि चौकावर पारदर्शक पत्रा किंवा काच दिसली, तर बाकी काहीही करायच्या आधी ती काढायचं पाहा. त्यातून ऊन आत येतं, तापलेल्या फरशीची उष्णता बाहेर जात नाही, गरम हवा वर कोंडते आणि रात्री आकाश दिसत नाही. पावसाची भीती रास्त आहे, म्हणून पत्रा काढताना तीन कामं सोबत करा. चौकाची फरशी ओसरीपेक्षा किमान एक पायरी खाली असू द्या. शंभराला एक असा उतार देऊन पाणी एकाच तोंडाकडे न्या आणि तिथे सहज साफ करता येईल अशी जाळी बसवा. चारी बाजूंच्या वळचणींना पन्हळी लावा, म्हणजे पागोळ्या ओसरीत उडणार नाहीत. पत्रा काढणं शक्यच नसेल तर तो चारी बाजूंनी भिंतीपासून हातभर वर उचला, मधली फट जाळीनं झाका आणि पत्र्याखाली पांढरं कापड ताणा. पूर्वीचा थंडावा यानं येणार नाही, पण कोंडलेली गरम हवा निघून जाईल आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना पहिल्याच संध्याकाळी फरक जाणवेल.